ताटं किती?

श्रावण अर्धा सरला होता. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागायतीत, वेबसाइटच्या पहिल्या बैठकीला गेलो. पोफळी, मिरवेली, जायफळ, पाटाचं पाणी. तासाभराची फेरी आणि मग केळीच्या पानावर जेवण असा तिथला धंदा. गिऱ्हाईक मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. घरच्या मुलाने हॉटेलांच्या दोन-तीन साइट दाखवल्या आणि यादी पुढे केली: ड्रोनचा व्हिडिओ, सरकते फोटो, मसाल्यांचं ऑनलाइन दुकान, ब्लॉग, बुकिंगचं कॅलेंडर.

अशी यादी तशीच बांधायला घेतली की वर्षभरात काय उरतं ते ठाऊक आहे. दुकानात पाच वस्तू, त्यातल्या तीन 'संपल्या'. ब्लॉगवर एकच लेख. कॅलेंडर कोणी भरत नाही, त्यामुळे साइटवर रिकामी दिसणारी तारीख प्रत्यक्षात फोनवरून गेलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी लॅपटॉप पिशवीतच ठेवायचा आणि ज्या फोनवर चौकशा येतात तो फोन मागायचा.

गेल्या हंगामातल्या शेवटच्या 60 व्हॉट्सॲप चौकशा काढल्या आणि वहीत रेघा मारत गेलो. आज उघडं आहे का, कसं यायचं: 27. दर किती, त्यात काय काय: 15. मोठा गट, बस, शाळेची सहल: 11. मसाले कुरिअरने पाठवाल का: 5. उरलेल्या 2 नातेवाइकांच्या. मुलाचा चेहरा उतरला, कारण दुकानासाठी तो सर्वांत जास्त पैसे खर्चायला तयार होता.

27 चौकशांचं उत्तर वेबसाइट नव्हतंच. गुगल मॅपवरची पिन वाड्याच्या मागच्या पायवाटेवर पडली होती, जिथून बस सोडाच, मोटारही वळत नाही. पिन फाटकावर आणली, वेळा भरल्या, चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांसाठी 'विशेष वेळा'त बंद टाकलं. अर्ध्या तासाचं, फुकटातलं काम.

खरा प्रश्न मोठ्या गटांच्या त्या 11 चा होता. मंगेशी-म्हार्दोळची देवळं करून येणारी बस अचानक दारात उभी राहते, 40 माणसं उतरतात. मालक यावर सीझनचं कौतुक सांगत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. ‘‘माका दुसरां काय नाका. आदल्या सांजेक सहापर्यंत ताटां किती तें कळूंक जाय.’’

बैठक तिथेच संपली म्हटलं तरी चालेल. वहीच्या कोऱ्या पानावर एकच वाक्य लिहिलं: दुसऱ्या दिवसाच्या ताटांचा आकडा आदल्या संध्याकाळी सहाच्या आत स्वयंपाकघरात पोचला पाहिजे. 'आमची ओळख जगभर व्हावी' असला हेतू निकामी असतो, कारण त्यावर काहीच खोडता येत नाही. या वाक्यावर यादी घासली आणि ब्लॉग गेला, सरकते फोटो गेले, कॅलेंडर गेलं.

दुकानावर मात्र वाद झाला. मग शंभर ग्रॅम मिरीच्या पाकिटाचा हिशोब मांडला: कुरिअर, पेटी, पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं, कमिशन. नफा कुरिअरवालाच घेऊन जात होता. शिवाय अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि नियमाप्रमाणे लेबल हवं, गेटवेला परतावा धोरणाचं पान हवं, आणि सोलं (आमसुलं) पावसाळ्यात पाणी सोडतात. शेवटी 'मसाले फेरीनंतर इथेच मिळतात' एवढी एक ओळ राहिली.

फॉर्मही ठेवला नाही. साइट जिथे ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून सुटलेली फॉर्मची ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाते, आणि या घरात ईमेल आठवड्यातून एकदा उघडतात. त्याऐवजी व्हॉट्सॲपचं बटण, आत मजकूर आधीच भरलेला: ताटं किती, शिवराक (शाकाहारी) की मासळीचं, तारीख, बस की मोटार. दुव्यात क्रमांक 91 ने सुरू करायचा. अधिकचं चिन्ह, पुढचा शून्य, मधल्या रेघा काढून टाकायच्या. मजकूर एन्कोड करूनच, म्हणजे दुव्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलूनच, घालायचा, नाहीतर त्यात '&' आलं की पुढचं सगळं गळतं. मजकुराची पहिली ओळ 'वेबसाइटवरून', म्हणजे हंगामात किती चौकशा साइटने आणल्या ते वहीत मोजता येतं. सहानंतर येणाऱ्यांना व्हॉट्सॲप बिझनेसचा अनुपस्थितीचा संदेश: उद्या फेरी मिळेल, जेवण नाही.

पानं तीनच ठरली. पहिल्यावर दर आणि त्यात काय येतं. दर लपवला की त्या 15 चौकशा फोनवर तशाच राहतात. दुसऱ्यावर रस्ता आणि बस कुठे वळते. तिसरं मराठीत, सहली आणणाऱ्या शिक्षकांसाठी: एका वेळी किती मुलं, शौचालयं किती, दरडोई किती. इंग्रजी साइटचा शब्दशः अनुवाद करून हे पान होत नाही, शिक्षकांचे प्रश्नच निराळे असतात. फोटो 1600 पिक्सेल रुंद आणि 200 केबीच्या आत. डोंगराआड नेटवर्कची एकच दांडी असते आणि पाहुणा रस्त्यात उभा राहूनच साइट उघडतो.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नावाचं, दुखणं शेवटी निघालं. आधीच्या डिझायनरने ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि आता त्याचा फोन लागत नव्हता. नवं डॉट इन डोमेन मालकांच्या ईमेलवर, त्यांच्याच कार्डाने घेतलं आणि नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिली.

निघताना बटणाचा मजकूर वहिनींना वाचून दाखवला. मूळ मसुद्यातल्या प्रश्नांत तारीख आधी होती. ताटं पहिल्या क्रमांकावर त्यांनीच आणली.