वंशावळ राहू द्या, आधी हिशेब दाखवा

वाडा पाडून इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांना फ्लॅटच्या चौरस फुटांची काळजी. माळ्यावरचं जुन्या कागदांचं दफ्तर मग माझ्या गळ्यात पडलं. वाडा पुण्यात, नदीकडच्या अंगाला, त्यामुळे १२ जुलै १९६१ला पानशेतचं पाणी खालच्या मजल्यात शिरलं होतं. आजोबांनी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, नंतर वर हलवले, पण तळाचे बंद, म्हणजे लिहिलेले ताव, भिजून चिकटले ते चिकटलेच.

चिकटलेले कागद सोडवायच्या फंदात पडू नका, असं एका जाणकारांनी आधीच बजावलं होतं. कोरडे होते तेवढे मऊ ब्रशने झटकले, गंजक्या टाचण्या काढल्या आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने बारीक क्रमांक टाकला. रुमालातला क्रम मात्र हलवला नाही. कुठला कागद कुणाशेजारी बांधलाय, यावरून बिनतारखेच्या चिठ्ठीचाही अंदाज बांधता येतो. चुलतभावाने पूर्वी एक सनद हौसेने लॅमिनेट करून आणली होती. तापलेलं प्लास्टिक कागदाला असं बसलंय की आता ते सुटत नाही. हातकागदावरची काजळाची शाई मात्र पुरातूनही बरीचशी वाचली. कागदाला ऊन आणि दमट हवा नको, एवढंच.

खरी अडचण मोडी लिपीची. २०२३पासून मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना उसंतच उरलेली नाही. ओळखीतून एक निवृत्त बाई मिळाल्या. काकांनी मोठ्या अभिमानाने फ्रेममधली वंशावळ पुढे केली. बाई म्हणाल्या, “ही राहू द्या काका, आधी हिशेबाचे बंद दाखवा.” काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पण बाईंचं बरोबर होतं. आमची वंशावळ तयार झाली ती इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे इनामाचा हक्क सिद्ध करायला, म्हणजे १८५२नंतर केव्हातरी. तिथे ज्यांच्यामुळे हक्काला बळ येतं ते दाखवायचे, बाकीचे गाळायचे. ती दाव्यातली बाजू होती. बायकांचं तर एकही नाव नाही. उलट एका मळकट बंदावर विधवा भावजयीला अन्नवस्त्रापोटी वर्षाचं धान्य आणि लुगडी द्यायचा करार निघाला, तिच्या नावानिशी. त्यावर साल ‘सबा सबैन मया व अलफ’. बाईंनी बोटांवर मोजलं: सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६-७७. जुन्या कागदांतली ही कालगणना म्हणजे शुहूर सन, तो मे-जूनला बदलतो, म्हणून दोन वर्षं लिहायची. शक असेल तर ७८ मिळवायचे, हे शाळेतलं गणित तेवढं मला येत होतं. वंशावळीत ज्याला पोटचा मुलगा दाखवलाय तो दत्तक होता, हेही दुसऱ्या एका कागदातून कळलं.

मूळ कागद घरी ठेवायचे की द्यायचे, यावर दिवाळीत वाद झाला. पुण्यात राहून हा प्रश्न पडावा हेच नवल. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून असलीच दफ्तरं मिळवली आणि १९१०मध्ये इथेच भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. सरकारी पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. नव्या फ्लॅटच्या लॉफ्टमध्ये, गिझरच्या पाइपाशेजारी, आमच्या कागदांचं भलं होणार नव्हतं. शेवटी कागद एका संस्थेला दिले. देण्याआधी प्रत्येक बंदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, फाइलला पेन्सिलीचाच क्रमांक दिला आणि यादीवर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. ही यादी कंटाळा न करता करा. नंतर ‘आमचा अमुक कागद कुठंय’ हे विचारायला दुसरा आधार नसतो.

आता कुलवृत्तांताची, म्हणजे घराण्याच्या माहितीच्या पुस्तकाची, नवी आवृत्ती काढायचं चाललंय. त्या भावजयीचं नाव घालायला काका राजी झालेत. दत्तकाचं मात्र घरात अजून एकमत नाही.