गुजरीतला साज आणि सावंतवाडीचे गोल पत्ते

कोल्हापूरहून निपाणी, आजरा करत आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरण्याचा रस्ता बहुतेकांना पावसाळ्यातच आठवतो. आम्ही तो मार्गशीर्षात धरला, कारण धबधबे पाहायचे नव्हते. घाटाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन गावांतली जुन्या वळणाची कारागिरी एकाच प्रवासात पाहायची होती. अलीकडे दागिन्यांपासून दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंपर्यंत सगळीकडे ‘व्हिंटेज’ हा शब्द दिसतो. ज्या गावांत ती जुनी घडण अजून रोजच्या कामाचा भाग आहे, तिथे ती हातात घेऊन पाहावी, एवढाच हेतू होता.

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, शिरलो. ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ असे सगळे मांडलेले असले तरी माझी नजर कोल्हापुरी साजावर, म्हणजे नक्षीदार पाने आणि मणी ओवलेल्या पारंपरिक हारावरच होती. परंपरेने साजाला २१ पाने सांगतात: दहा अवतारांची दहा, अष्टमंगलांची आठ, माणिक आणि पाचूची एकेक, आणि शेवटचा ताईत. पानांच्या मधले मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे, पोकळ, आतून लाख भरलेले असतात. म्हणूनच भरगच्च दिसणारा साज गळ्यात हलका वाटतो. दुकानदारकाकांनी एक पान भिंगाखाली धरून दाखवले. नखाएवढ्या जागेत मासा होता, त्याची शेपटी वळलेली आणि खवले ठशाने उमटवलेले. शेजारीच चांदीवर सोन्याचे पाणी दिलेला साज होता. सोन्याचे आजचे भाव पाहता असे साज घेणाऱ्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. घडण तीच असेल आणि पानांचा क्रम कारागिराने राखला असेल, तर धातू बदलला म्हणून साज खोटा होत नाही. मात्र काही ठिकाणी सगळी पाने एकाच ठशाची, नुसती नक्षी म्हणून ओवलेली दिसली. तो हार सुंदर असेल, पण त्याला साज म्हणू नये.

घाटातला प्रवास सुखाचा झाला. सावंतवाडीत पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. गावाच्या मधोमध १८७४ साली बांधलेला मोती तलाव आणि त्याच्या काठावर भोसल्यांचा राजवाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गेलो, कारण गंजिफा तिथेच रंगवली जाते.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. मोगल गंजिफाचे पत्ते ९६, तर आपल्या दशावतारी गंजिफाचे १२०. प्रत्येक अवताराचे बारा, त्यांत एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून पत्ते बनवत आणि घोटून गुळगुळीत करत. ही कला जवळजवळ संपली होती. गावातले वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी ती समजून घेतली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून राजवाड्यातच नव्या हातांना शिकवायला घेतली. राजघराण्याने आपला दरबार रंगाच्या वाट्यांसाठी मोकळा करावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

तिथे काम करणाऱ्या एका ताईंजवळ बराच वेळ बसलो. त्या मत्स्यावताराची अठ्ठी रंगवत होत्या. बारीक कुंचल्याने आधी माशांची अंगे, मग पर, मग सगळ्यांत शेवटी डोळ्याचा ठिपका. आठ मासे गोलात दाटी न होता बसले पाहिजेत आणि खेळणाऱ्याला एका नजरेत मोजता आले पाहिजेत, असे त्या म्हणाल्या. राजाच्या पत्त्यावर अवतार सिंहासनावर बसलेला असतो, वजिराच्या पत्त्यावर घोड्यावर. गुजरीत भिंगाखाली पाहिलेला मासा इथे रंगात भेटला, आणि मण्यात भरली जाणारी लाख इथे लाकडावर चढलेली दिसली.

खेळ तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पत्ते. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने. शिवाय निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे स्मरणशक्तीचा चांगलाच कस लागतो.

विक्रीच्या दालनात गंजिफाची चित्रे असलेल्या डब्या, पेल्याखाली ठेवायच्या चकत्या, चौरंग, मेणबत्तीची घरे अशा भेट देण्याजोग्या पुष्कळ वस्तू आहेत. अवतार पत्त्यांवरून उतरून डबीवर आला याची काहींना खंत वाटते. मला वाटत नाही, कारण संपूर्ण संच रंगवायला लागणारा वेळ आणि त्याची किंमत पाहता कारागिराचे रोजचे पोट या लहान वस्तूच भरतात. आम्ही दागिने ठेवायला कूर्मावताराची एक डबी घेतली. छापील चित्र चिकटवलेल्या वस्तू बाहेर कमी दामात मिळतात. त्या ओळखायच्या असतील तर दोन वस्तू शेजारी धराव्यात: हाताने रंगवलेल्या दोन कासवांच्या पाठी कधीच तंतोतंत सारख्या नसतात.

चितारआळीत लाकडी फळे आणि भातुकली पाहण्यात दुपार गेली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आंबा हातात घेतला की तो रिकामा असावा असेच वाटते. जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की पूर्ण दशावतारी संच हवा असेल तर राजवाड्यात आधी चौकशी करून मागणी नोंदवावी आणि घाईची तारीख देऊ नये.