मोंसेगुर : कॅथारांचा म्हणून दाखवला जाणारा किल्ला आणि उतरणीचा निसरडा टप्पा

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीजच्या पायथ्याशी असलेल्या आरियेज भागातला मोंसेगुर 'कॅथारांचा', म्हणजे एका मध्ययुगीन ख्रिस्ती पंथाचा, किल्ला म्हणूनच पर्यटकांच्या गळी उतरवला जातो. प्रत्यक्षात १,२०० मीटर उंचीवरच्या त्या माथ्यावर आज दिसणारा पंचकोनी कोट १२४४ च्या पाडावानंतर नव्या मालकांनी, म्हणजे लेव्ही घराण्याने, बांधलेला आहे. स्थानिक सरदार रेमों द पेरेय याने १२०४ च्या सुमारास उभारलेल्या मूळ वस्तीची जोती कोटाबाहेरच्या उतारावर आहेत. बहुतेक लोक आतल्या रिकाम्या चौकात छायाचित्रे काढून परततात आणि जे पाहायला आले तेच पाहायचे राहते.

रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या या पंथाच्या लोकांना येथे आसरा होता. १२४२ मध्ये येथून गेलेल्या टोळीने आविन्योने येथे धर्मन्यायाधीशांना ठार केले आणि मे १२४३ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या फौजेने वेढा घातला. हिवाळ्यात काही गिर्यारोहकांनी रात्री पूर्वेकडचा कडा चढून तिथली चौकी घेतली, तेव्हा दगडफेकी यंत्रे वर आणणे शक्य झाले. २ मार्च १२४४ रोजी शरणागती ठरली आणि पंधरा दिवसांची मुदत मिळाली. धर्म सोडणाऱ्यास जीवदान होते. तरीही याच मुदतीत काही जणांनी, त्यात शिपाईही होते, मरण समोर दिसत असताना पंथाची अंतिम दीक्षा घेतली. १६ मार्चला दोनशेहून अधिक लोक जाळले गेले. पायथ्याच्या कुरणातला स्मृतिस्तंभ मात्र १९६० चा आहे. येशूचा पवित्र चषक येथे दडवल्याच्या कथा विकणारी पुस्तके खुशाल टाळावीत.

आता वाटेविषयी. 'अर्ध्या तासाची चढण' असे जे सांगितले जाते ते चढताना खरे आहे. उतरताना, त्यातही पाऊस पडून गेला असेल तर, ते साफ खोटे आहे. झाडीतून वर गेल्यावर लागणारा चुनखडक असंख्य पावलांनी काचेसारखा गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे सह्याद्रीच्या काळ्या कातळावर बिनधास्त वावरणारे पायही तिथे हमखास सटकतात. या एका टप्प्याने मला इतके दमवले की वरचा देखावा आठवण्याच्या मनःस्थितीत मी नाही. झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून जाऊ नये, ओल्या खडकावर तर मुळीच उतरू नये. खडक सुकेपर्यंत थांबावे. पाणी खालूनच न्यावे.

रेल्वेने फ्वा या गावापर्यंत जाता येते. पुढच्या प्रवासासाठी घेतलेल्या टॅक्सीवाल्याने परतीचे आणि थांबण्याचे पैसे आधीच लावले, आणि परतीच्या वेळी त्याचा पत्ता नव्हता. शक्य असल्यास गाडी भाड्याने घ्यावी. नसेल तर थांबण्याचे पैसे गाडीत परत बसल्यावरच मोजावेत. गावातले छोटे संग्रहालय किल्ल्याच्या आधी पाहावे, म्हणजे उत्खननातल्या वस्तू पाहून वरची जोती ओळखता येतात.