साडेतीन वर्तुळे

नववीच्या वर्गात गोलाच्या पृष्ठफळाचा पाठ मी अनेक वर्षे संत्र्याने सुरू करत आलो आहे. फेब्रुवारीत हा पाठ येतो तेव्हा नागपुरात मृग बहाराची संत्री आलेली असतात आणि त्यांची साल सैल असल्यामुळे न फाटता निघते. फळ देठाकडून उभे नव्हे, पोटावर आडवे कापायचे. कापलेली बाजू कागदावर टेकवून तिची कडा पेन्सिलीने गिरवायची, तशी चार वर्तुळे काढायची आणि सालीचे नखाएवढे तुकडे करून, पांढरी बाजू खाली ठेवून, एकावर एक येऊ न देता ती भरायची. तुकडा मोठा राहिला तर तो सपाट बसत नाही, हे कळायला मला दोन वर्षे लागली. साल चार वर्तुळांना पुरते आणि आर्किमिडीजने सिद्ध केलेले 4πr² मुलांच्या हाती लागते, असे मी मानत होतो.

गेल्या वर्षी सहापैकी पाच गटांनी चार वर्तुळे भरली. सहाव्या गटातल्या मुलीचे चौथे वर्तुळ अर्धे रिकामे राहिले. तिचे वडील कळमना बाजारात हमाली करतात. मी तिला तुकडे पुन्हा लावायला सांगितले. ती म्हणाली, "सर, दोनदा लावले. संत्रा गोल नसते, चपटा असते." तास संपत आला होता. मी फळ्यावर चार लिहिले आणि पुढे गेलो.

रात्री घरातले एक संत्रे दोन गुण्यांमध्ये धरून मोजले: रुंदी 7 सेंटिमीटर, उंची 5.6. चपट्या गोलाच्या सूत्रात या किमती घातल्यावर पृष्ठफळ पोटावरच्या वर्तुळाच्या 3.48 पट आले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पाच गटांचे कागद नीट पाहिले, तर चौथ्या वर्तुळात तुकड्यांमध्ये सर्वत्र फटी होत्या. सूत्र पुस्तकात चौकटीत छापलेले असते, शिकवणीत ते आधीच पाठ झालेले असते आणि अपेक्षित निष्कर्ष वहीत उतरवण्याची सवय आपणच मुलांना लहानपणापासून लावतो; त्यामुळे मी त्यांना दोष देऊ शकत नाही. आधीच्या वर्षांची सगळी चार वर्तुळे मात्र आता मला संशयास्पद वाटतात.

तिचे उत्तर बरोबर होते, हे मी वर्गात सांगितले. तिने विचारले, "मग काल चार कशाले लिहिले?" तास संपत आला होता, असे मी म्हणालो. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते.

एका सहकाऱ्याने मोसंबी वापरण्याचा सल्ला दिला, कारण ती अधिक गोल असते. त्याने उत्तर चारच्या जवळ येईल, पण त्या मुलीला जे दिसले ते कोणालाच दिसणार नाही. यंदाही संत्रेच असेल. आधी गुण्यांनी रुंदी आणि उंची मोजायची, मग साल लावायची, प्रत्येक गटाने आपला आकडा फळ्यावर स्वतः लिहायचा आणि तोवर मी खडू हातात घ्यायचा नाही.