आप्पांचा ओळंबा

आप्पांना अ‍ॅमस्टरडॅमचं जुनं चित्र दाखवते म्हटल्यावर ते चष्मा पुसून तयार बसले. इथल्या राइक्सम्यूझियमच्या साइटवरून मी चित्रकार इसाक आउवाटरचं १७७९ सालचं चित्र उघडलं.

"यात पाणी कुठाय?"

पाणी नाहीच. काल्वरस्ट्राट या रस्त्यावरचं पुस्तकाचं दुकान आहे. पूर्वी तिथे वासरांचा बाजार भरायचा, म्हणून ते नाव. दुकानात लॉटरीची तिकिटंही मिळायची आणि दारासमोर ही गर्दी.

"आपल्या स्टँडवरच्या टपरीसारखी," आप्पा म्हणाले. (महिन्याला एक तिकीट तेही घ्यायचे. आईला न सांगता.)

मग गर्दी बाजूलाच राहिली. चाळीस वर्षं साताऱ्याकडे गवंडीकाम केलेला माणूस, त्यांची नजर विटांवर. "मोठं कर. अजून." वीट न् वीट वेगळी दिसायला लागली, मधले बारीक पांढरट सांधेसुद्धा. "सांध्यावर सांधा येऊ दिला नाही बघ. हा चित्रकार कुणातरी गवंड्याच्या हाताखाली राबलेला दिसतो."

संध्याकाळी प्रिन्सेनग्राख्ट कालव्याच्या काठाने फिरताना त्यांनी माझा किल्ल्यांचा जुडगा मागितला, खिशातल्या सुतळीला बांधून ओळंबा केला आणि एका घरासमोर हात लांब करून उभे राहिले. सायकलवाले वळून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, भिंत ओळंब्यात नाही! पुढे आलीय."

मी वरचा हूक दाखवला. माळ्यावर माल चढवायचा तो कप्पी लावून, बाहेरून. तो भिंतीला घासू नये म्हणून दर्शनी भिंत मुद्दाम पुढे झुकती बांधायचे. जिने इतके अरुंद की आमचा पलंगही खिडकीतूनच आत आला.

"हे पटलं. पण शेजारचं घर डावीकडे कललंय, तेही मुद्दाम?"

ते मात्र पायाचं दुखणं. इथली जुनी घरं दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब कुजले की घर कलतं. दाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत, हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मजुरी कशी दिली असेल? खांबावर की रोजावर?"

घरी आल्यावर चहाच्याही आधी त्यांनी लॅपटॉप उघडायला लावला.

"आप्पा, स्क्रीनला चरे पडतील!"

तोवर सुतळी चित्रातल्या दुकानावर टेकलीही होती.

"ही सरळ आहे," ते म्हणाले आणि किल्ल्या परत दिल्या.