३९ फूट

काल रात्री साडेअकराच्या सुमारास, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडल्याचा निरोप मोबाइलवर आला. तो मी वाचला, चष्मा उशाशी ठेवला आणि कूस बदलून झोपले. घडले ते एवढेच. सकाळी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “काकू, तुम्ही लई शांत झालाय बघा. आमचा तर डोळ्याला डोळा लागला नाही.” त्यांनी ते कौतुकानेच म्हटले, मला मात्र ते दिवसभर टोचत राहिले, कारण झोपताना खालच्या खोलीतल्या आरामखुर्चीची मला आठवणसुद्धा झाली नव्हती.

३९ म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्या गल्लीत पोरांना पाढ्यांबरोबरच पाठ होते. २०१९ साली पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पाणी आधी दारातून येत नाही. न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे काढत वर चढते आणि मग कुठे उंबऱ्याला लागते. त्या वेळी मी तासातासाला जिन्याच्या पायरीवर खडूने रेघ ओढत होते आणि प्रत्येक रेघेगणिक अण्णांवर ओरडत होते. राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे धरण भरले की पाण्याच्या दाबानेच उघडतात, कोणी हात लावावा लागत नाही. माझ्या रागाला अण्णा हीच उपमा देत आणि “विसर्ग सुरू झाला, सखल भागातल्यांनी सावध राहावे,” असे थोरल्याला सांगत.

२०२१ च्या पुराच्या वेळी ओरडायला… असो.

इतकी वर्षे वर्गात शांत रस शिकवला. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी मोजलेले रस आठच. हा नववा मागून आला आणि त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव, कोणता, यावर पंडितांचे आजवर एकमत नाही. कोणी ‘शम’ म्हणतात, म्हणजे मन निवणे; काव्यप्रकाशकार मम्मट ‘निर्वेद’ म्हणतो, म्हणजे मन विटणे. भरतांनी व्यभिचारी, म्हणजे येत-जात राहणाऱ्या, भावांच्या यादीत निर्वेदासारखा अमंगळ शब्द अगदी आरंभी घातला, तो स्थायीही आहे हे सुचवण्यासाठीच, अशी त्याची युक्ती. मुलींना हे सांगताना मला त्या युक्तीची गंमत वाटे. आज वाटते की प्रश्न सरळ माझ्याच घरचा आहे: मन निवले म्हणून मी झोपले, की विटले म्हणून? भेंडी निबर झाली की तीही काही कुरकुर करत नाही, पण तिला कोणी शांत म्हणत नाही.

तसे पाहिले तर खाली हलवण्याजोगे आता उरलेच काय? दर जूनला धान्याचे डबे, चटणीची बरणी, गाद्या, सगळे वर जाते आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत वरच राहते. ज्याच्याजवळ दोन प्लास्टिकची स्टुले आहेत त्याने स्थितप्रज्ञ व्हायला फारसे तप लागत नाही, हे वहिनींना सकाळीच सांगायला हवे होते. पण खुर्ची मीच वर नेऊ दिलेली नाही. थोरला दोनदा म्हणाला, मी दोन्ही वेळा विषय बदलला.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. २०१९ च्या त्या रात्री वीज गेल्यावर वरच्या खिडकीतून पाहिले, तेव्हा गल्लीत काळेभोर पाणी हलतसुद्धा नव्हते. हॉर्न नाही, टीव्ही नाही, कुत्रेही गप्प. इतके निवांत मला आयुष्यात क्वचित वाटले असेल. खाली घर बुडत होते आणि अण्णा शेजारी उभे होते.

आता रात्रीचा एक वाजला आहे. पातळी ४० च्या आत आहे असे कळते, म्हणजे घाई नाही. तरी मघाशी बॅटरी घेऊन खाली गेले, खुर्चीच्या पायाखाली दोन-दोन विटा सरकवल्या, मग त्या अजागळ उंचीवर कशीबशी चढून बसले आणि बराच वेळ मोरीकडे पाहत राहिले. मोरी कोरडी होती. एक पाय डुगडुगतो आहे. उद्या थोरल्याला पातळ वीट आणायला सांगायची आहे.