डीव्हीडीवर व्हिडिओ झटके का खातो

आमच्याकडे अजून डीव्हीडी लागते, हसू नका. मावशीला पेनड्राइव्हची भानगड नको असते, ट्रेमध्ये सीडी टाकली (ती डीव्हीडीलाही सीडीच म्हणते) की टीव्हीवर सुरू झालं पाहिजे बस. त्यामुळे घरात मुंज, बारसं, साखरपुडा काहीही झालं की मोबाईलवरचं शूटिंग डीव्हीडीवर चढवायचं काम माझ्याकडे येतं. आणि यात सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, मोबाईलवर लोण्यासारखा चालणारा व्हिडिओ डीव्हीडीवर झटके खातो.

यावर नेटवर कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, दुसरं सॉफ्टवेअर वापर. अरे पण झटका कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा ना! माझं मत असं की नव्वद टक्के लोक कन्व्हर्टर बदलत बसतात आणि सेटिंग मात्र तेच ठेवतात.

मोबाईलच्या शूटिंगमध्ये मुख्य चोर असतो फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा. आपला फोन साधारण 30 फ्रेम प्रति सेकंदाने शूट करतो. आपल्याकडे टीव्ही पॅल पद्धतीचा (टीव्हीच्या चित्राची आपल्याकडची जुनी पद्धत), म्हणून डीव्हीडीचं सॉफ्टवेअर उघडलं की आपणही डोळे झाकून पॅल निवडतो, आणि पॅल म्हणजे 25 फ्रेम. आता 30 चे 25 करायचे तर सॉफ्टवेअर काय करणार, दर सहावी फ्रेम सरळ फेकून देतं, म्हणजे सेकंदाला पाच ठिकाणी हालचाल उडी मारते. माणूस एका जागी बसून बोलत असेल तर कळतही नाही, पण मुंजीत कोणीतरी फोन धरून पंगतीवरून सावकाश फिरवलेला असतो ना, तिथे बघा, पानं, ताटं, मागचे खांब सगळं टक टक टक करत सरकतं. काही सॉफ्टवेअर फ्रेम फेकायच्या ऐवजी दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात, मग झटका कमी होतो पण हलणाऱ्या हाताला भुतासारखी दुसरी कडा येते, मला तर ते जास्त खटकतं.

उपाय अगदी सोपा आहे, एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडी बनवा. एनटीएससी 29.97 ने चालते, 30 च्या इतकी जवळ की फेकण्यासारखं काही उरतच नाही. "पण आपल्याकडे पॅल चालतं" असं लगेच कोणीतरी म्हणणार, तर आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात, एकदा रीरायटेबल डिस्कवर दोन मिनिटांची क्लिप टाकून खात्री करा. चित्र 720 बाय 576 च्या जागी 720 बाय 480 होतं, थोडी बारकाई जाते, पण हलता झटका आणि किंचित मऊ चित्र यात मी मऊ चित्रच घेईन.

दुसरी गोष्ट म्हणजे फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो. हॉलमध्ये उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप फ्रेम कमी करतात. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा, फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल (बदलता) दिसलं तर आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेम रेटला काढून घ्या आणि मगच डीव्हीडीला द्या, नाहीतर झटके तर येतातच वर आवाजही हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो.

जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवरून करत असाल तर रोग वेगळा. तिथे प्रत्येक चित्र दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत असतं आणि डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, तुमच्या सॉफ्टवेअरने वरचं आधी धरलं की नवरी एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरत चालते. कॉम्प्युटरवर बऱ्याचदा हे लपतं, टीव्हीवर लगेच दिसतं. फील्ड ऑर्डर बॉटम किंवा लोअर फर्स्ट करा, संपलं.

आणि जर व्हिडिओ मधेच एक-दोन सेकंद थांबून पुढे पळत असेल तर ते वरच्यापैकी काहीच नाही. बर्न करायच्या आधी व्हिडिओ टीएस फोल्डर (सॉफ्टवेअरने डीव्हीडीसाठी तयार केलेल्या फाइलींचा) हार्डडिस्कवरूनच व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून बघा, तिथे नीट चालत असेल तर दोष डिस्कचा किंवा बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाचावा लागतो त्याचा. डीव्हीडीत व्हिडिओची मर्यादा सेकंदाला 9.8 मेगाबिट आहे पण लोकल कंपनीच्या डिस्कवर मी 8 च्या वर जात नाही, आणि आवाज पीसीएम (न दाबलेला) न ठेवता एसी3 (दाबून लहान केलेला) करतो कारण पीसीएमच दीड मेगाबिट खातो. 4.7 जीबीच्या डिस्कवर तासाभराचा कार्यक्रम 8 ला आरामात बसतो, दोन तासांचा असेल तर 5 च्या आसपास यावं लागतं. बर्न स्पीड 4 एक्स ठेवा, घाई कशाला.

मूळ शूटिंगमध्येच फ्रेम गळल्या असतील तर मात्र डीव्हीडीत काही करता येत नाही. पुढच्या कार्यक्रमाला ज्याच्याकडे आयफोन असेल त्याच्या कॅमेरा सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओत जाऊन ऑटो एफपीएस आधीच बंद करून ठेवा, तिथेच पॅल फॉरमॅट्स दाखवायचं बटणही आहे, ते चालू करून यादीतून 25 एफपीएस (फ्रेम प्रति सेकंद) निवडलं की थेट 25 ला शूट होतं आणि मग पॅल डीव्हीडीसुद्धा बिनतक्रार बनते.